दोन ट्रे, एक खूण

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी दोन वाजता, आमच्या बेकरीच्या दारात एक मोटारसायकल थांबली आणि कुणीतरी म्हणालं, "ओ, हे भट्टीत ठेवून मिळंल का?"

मी मान वर केली नाही. तेवढी सवडच नव्हती. शाळांना सुट्ट्या लागल्या की कोल्हारच्या आसपासच्या निम्म्या बायका आमच्याकडे नानकटाई भाजायला येतात. पीठ, तूप, साखर त्यांची घरची. टेबल, ट्रे आणि लाकडाची भट्टी आमची. बाहेर बेचाळीस डिग्री, आणि आत... आत किती ते मोजायला कुणी थांबत नाही.

"नंबर लावा," मी म्हटलं. "तुमच्यापुढं सत्तावीस ट्रे आहेत."

"पन ही नानकटाई न्हाई."

"मग काय आहे?"

"क्रिस्प."

आता मात्र मी बघितलं. उंच, उन्हानं कान लाल झालेला, शर्टाच्या खिशात चक्क मोजायचा चमचा. आणि बाप्तिस्म्याला आणलेलं बाळ धरावं तसा दोन्ही हातांनी धरलेला स्टीलचा ट्रे. त्यात पिवळ्या-लाल फोडी, आणि वर काहीतरी पसरलेलं.

"पोहे टाकलेत व्हय वर?" रांगेतल्या भीमाबाईंनी वाकून विचारलं.

"ओट्स हायेत, मावशी. खाली पीच."

"पीच म्हंजी?"

"फळ असतंय. माझ्या शेतातलं हाय."

बायका हसल्या. मीही हसले. त्याला राग आला नाही हे माझ्या लक्षात आलं, आणि का कोण जाणे, ते लक्षात राहिलं.

नाव सॅमसन. गाव देवळाली प्रवरा. येताना वाटेतल्या दोन बेकरीवाल्यांनी त्याला हात जोडून परत पाठवलं होतं. घरी ओव्हन नव्हता, आणि कुकरमध्ये वाळू घालून केलेला प्रयोग त्याच्या आईनं कुकरसकट अंगणात नेऊन ठेवला होता. माझे पप्पा मात्र नवीन गोष्टीला कधी नाही म्हणत नाहीत. भट्टीपाशी बसल्या बसल्या त्यांनी सांगून टाकलं, "एंजेला, खूण कर अन् घे आत."

आता या खुणेचं सांगायला हवं. नाव लिहून चिठ्ठी लावावी तर ती भट्टीत जळते. म्हणून ट्रेच्या कोपऱ्यात ओल्या मैद्याची टिकली चिकटवायची आणि तिच्यावर त्या घराची खूण दाबायची. भीमाबाईंची बांगडी, कुणाचं बाटलीचं झाकण, कुणाच्या कपाटाची किल्ली. घर बदललं की खूण बदलते. भीमाबाईंची निकिता लग्नानंतर पहिल्यांदा आली आणि तिनं सासरची खूण दाबली, तेव्हा भीमाबाईंनी माझ्याच ओढणीला डोळे पुसले होते. फक्त आमच्या स्वतःच्या ट्रेला खूण नसते. बिनखुणेचा तो आपला, हा पप्पांचा तीस वर्षांचा नियम.

"तुमची खूण काय?" मी विचारलं.

त्यानं खिसे चाचपले. चमचा निघाला, रुमाल निघाला, शेवटी पीचची एक बी निघाली. खोल खोल रेघांची. ती मी टिकलीवर दाबली. छान उमटली.

आणि मग तो क्रिस्प मी जाळला.

खरं सांगायचं तर चूक माझीच. पाव नुकतेच निघाले होते आणि भट्टी फार तापलेली होती. दहा मिनिटांत वरचे ओट्स काळे पडले आणि खाली फोडी कच्च्या राहिल्या. पण ट्रे बाहेर काढताना मी म्हटलं काय? "तुमच्या ओट्समध्ये दम नाही."

"दम न्हाई..." त्या काळ्या थराकडे बघत तो म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं. "पुढच्या मंगळवारी येऊ का?"

"भट्टी काय कुणाला अडवते?"

मंगळवारी तो आला. या वेळी पाव निघाल्यावर मी भट्टीचं तोंड तासभर उघडं ठेवलं, आत हात धरून आच बघितली आणि मगच ट्रे सरकवला. पाऊण तासानं काढला तेव्हा कडेकडेनं लालसर रस उकळून वर आला होता आणि दालचिनीचा वास पार रस्त्यापर्यंत गेला होता. लाकडाच्या ढिगामागं एका फळीवर बसून आम्ही दोन चमच्यांनी चव घेतली. फळ आंबट, ओट्स मऊ.

"पाक जास्त झाला," तो म्हणाला.

"पाकाचं काही नाही. वरचा थरच चुकलाय. ओट्स काढा आणि जाडसर दळलेली बाजरी घाला. साखरेऐवजी गूळ, बटरऐवजी तूप."

"रेसिपीत बाजरी न्हाई."

"रेसिपी लिहिणाऱ्याच्या गावात बाजरी पिकत नसेल."

"मी मापानं करनार. माप सोडलं की काय चुकलं तेच कळत न्हाई."

"आणि माप धरून बसलं की चुकतंय हेच कळत नाही!"

यावर तो इतका मोकळा हसला की पप्पांनी भट्टीपासून मान वळवून बघितलं.

तिसऱ्या मंगळवारी आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो. पहिल्यांदा कोण बोललं यावर अजून वाद आहे. त्याच दिवशी त्यानं सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी, कृषी पदवी हातात आल्या आल्या, त्यानं वडिलांच्या उसाच्या शेतातले दहा गुंठे मागून घेतले आणि कमी थंडीत येणारी पीचची चाळीस झाडं लावली. यंदा फळ धरलं. पण लहान आणि आंबट. बाजारात कुणी हात लावला नाही.

"आण्णा म्हनतात, तीन वर्षं दिली, आता पुरे," तो म्हणाला. आण्णा म्हणजे त्याचे वडील, स्टीफन. "जुलैत तिथं आडसाली ऊस लावायचा. मी म्हनलं, असंच खाल्लं तर आंबट लागनारच, शिजवून बघा. जुलैच्या पहिल्या शनिवारी आण्णांना साठ वर्षं पूर्ण होतात. उपकारस्तुतीची प्रार्थना हाय घरी, सगळं गणगोत येनार. थोडी फळं फ्रीजात जपून ठेवतोय, त्यांचा त्या दिवशी क्रिस्प वाढनार मी. आवडला तर झाडं राहतील."

"आणि नाही आवडला तर?"

"पुण्यात एका नर्सरीत नोकरी ठरल्यात जमा हाय. झाडं गेली की मी पन जानार. ऊस बघत बसायला न्हाई जमायचं मला."

मी चमचा चाटला आणि म्हटलं, "मग आंबटपणा कमी करायला हवा." आवाज अगदी नेहमीचा होता. पण त्या दिवसापासून त्याच्या ट्रेसाठी मी भट्टीची आच जितकी जपली, तितकी पाद्रीबाबांच्या घरच्या केकसाठीही कधी जपली नव्हती.

मे महिना असाच गेला. दर मंगळवारी एक ट्रे. तो फोडी कापायचा, मी लिंबू पिळायचे. तो वजनकाट्यावर साखर ठेवायचा, मी त्याची नजर चुकवून चिमूटभर सुंठ टाकायचे, आणि तो खाताना थांबून म्हणायचा, "आज काहीतरी येगळं लागतंय..." एकदा गरम ट्रेला त्याचं बोट लागलं. मी तूप लावून दिलं. बोट एकच होतं; तूप लावायला वेळ मात्र बराच लागला. शेवटी भीमाबाईच म्हणाल्या, "पोरी, लावलंस तेवढ्या तुपात माझी पुरनपोळी झाली असती."

जूनच्या दुसऱ्या मंगळवारी फळं एकदम बदलली. मोठी, गोड, सगळी एका मापाची. आणि एका फळाला गोल स्टिकर चिकटलेला होता. सॅमसन पातेलं धुवायला गेला होता. मी स्टिकर काढून माझ्या खिशात घातला.

उसाच्या पट्ट्यातली पीचची झाडं मे संपता संपता रिकामी होतात, हे एव्हाना त्यानंच मला शिकवलं होतं. म्हणजे हा मुलगा नगरच्या बाजारातून थंड डोंगराकडची फळं विकत आणून माझ्या भट्टीत भाजायला येत होता. मला इतका आनंद झाला, की मी तीन गिऱ्हाइकांना जास्तीचे टोस्ट बांधून दिले.

"झाडं यंदा बरीच धरली वाटतं?" तो परत आल्यावर मी विचारलं.

"व्हय..." तो पातेलं पुसत राहिला. "उशिराचा बहर हाय हा."

"उशिराचा बहर बरा गोड असतो."

"असतोय... कधी कधी."

मी आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला खरं सांगावं लागलं असतं, आणि मग मंगळवार बंद झाले असते. खोटं त्याचं होतं, पण ते चालावं अशी गरज माझीही होती.

जूनच्या शेवटच्या मंगळवारी निघताना त्यानं हेल्मेट हातात धरलं आणि घातलं नाही.

"एंजेला... मी पुण्याला गेलो तर तुला कसं वाटंल?"

मला काय वाटणार होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. पण वयाच्या सोळाव्या वर्षापासून मी काउंटरवर बसते. समोरच्यानं काही म्हटलं की तोंडातून पहिल्यांदा टोमणाच बाहेर पडतो.

"एक ट्रे कमी भाजावा लागेल," मी म्हटलं.

तो हसला. पण रोजच्यासारखा नाही. मग हेल्मेट घालून गेला.

घरी जाताना मला माझ्याच जिभेचा राग आला. तो जायला नको होता मला. दोन शब्दांचं वाक्य होतं, जाऊ नकोस. तेवढंही जमलं नाही.

शनिवारी सकाळी तो ट्रे ठेवून लगेच परत गेला. घरी मांडव, खुर्च्या, पाहुणे. थर ओट्सचाच, मापानं केलेला. मी त्याच्याशी भांडले नाही. पण मंगळवारची थोडी फळं माझ्याकडे उरली होती. मी तसलाच दुसरा ट्रे घेतला, फोडी पसरल्या, ताजी जाड बाजरी, गूळ आणि घट्ट तूप बोटांनी चुरून वर घातलं. घरच्यासाठी. माझं म्हणणं खरं होतं की नाही, एवढं एकदा कळलं तरी पुरे होतं. दोन्ही ट्रे शेजारी शेजारी भट्टीत सरकवले, पप्पांना वेळ सांगितली आणि चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेले.

पाच वाजता आले तर पप्पा टेबल पुसत होते.

"सॅमसन येऊन गेला?"

"गेला की. दोन्ही ट्रे घेऊन गेला."

"दोन्ही? अहो पप्पा, त्यातला एक आपला होता!"

"आपला कसा? दोन्हीवर त्याची खूण हुती. बघून दिले मी."

मी काही बोलणार होते, पण आठवलं. दोन ट्रे समोर, दोन टिकल्या, पीचची बी हातात... एकावर दाबली, आणि दुसऱ्यावरही. आपल्या ट्रेला खूण करायची नसते हे मला अक्षरं यायच्या आधीपासून माहीत होतं.

"चुकून झालं," मी म्हटलं. "हात वळला."

पप्पांनी फडकं झटकलं. "तीस वर्षं झाली, आपल्या ट्रेवर कुनाची खूण उमटली न्हाई. हात असा उगीच वळत नसतोय, बाळा." आणि ते पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेले. आपल्या बापाला आपल्याआधी कळलं, याच्याइतकी लाज दुसऱ्या कशाची वाटत नाही.

मंगळवारी तो आला नाही.

मी दहा वेळा रस्ता बघितला. कोल्हारवरून जाणाऱ्या सगळ्या मोटारसायकलींचा आवाज सारखाच असतो, हे मला त्या दिवशी कळलं. बुधवारीही नाही. गुरुवारी भीमाबाई टोस्ट न्यायला आल्या. त्यांची नणंद देवळालीतच असते.

"त्या पीचवाल्याची झाडं काढली गं," त्या म्हणाल्या. "सऱ्या पाडल्या, बेनं पन पडलं. ऊस लावलाय."

झाडं गेली की मी पण जाणार, असं तो म्हणाला होता. मी टोस्ट मोजत होते ते चुकले. पुन्हा मोजले, पुन्हा चुकले. पप्पांनी पिशवी माझ्या हातातून घेतली.

"आपला ट्रे हाय तिथं," ते म्हणाले. "जा, घेऊन ये."

स्कूटीवरून देवळाली गाठेपर्यंत मी बोलायची वाक्यं तयार केली होती. तो गेला असेल तर त्याच्या आईशी बोलायची वेगळी. शेत विचारत विचारत पोचले. दहा गुंठ्यांत झाड म्हणून नव्हतं. ओल्या सऱ्या, आणि बांधावर फांद्यांचा ढीग. त्या ढिगापलीकडं सॅमसन पाण्याचा पाइप गुंडाळत होता. अंगावर काम करायचा बनियन, पाय चिखलात. तो पुण्यात नव्हता. तयार केलेली सगळी वाक्यं मी तिथंच विसरले.

"ट्रे न्यायला आले," मी म्हटलं.

"कोनता? दोन्हीवर आमची खूण हुती."

त्याच्या आवाजात हसू होतं की काय, मला कळेना. "प्रार्थनेला काय झालं ते सांग," मी म्हटलं.

"सांगतो. ओट्सचा कुनी धड संपवला न्हाई. बाजरीचा पुरला न्हाई. पाद्रीबाबा दुसऱ्यांदा मागायला आले तवा ट्रे रिकामा हुता. आण्णांनी तीनदा घेतला."

"मग झाडं का काढली?"

त्यानं पाइप खाली ठेवला. "आण्णा सगळ्यांपुढं म्हनाले, झकास झालंय, असं फळ मी कधी खाल्लं न्हाई. पन सॅमसन, महिनाभर पिशव्या भरून हे नगरच्या बाजारातनं आनतूयास, मला दिसत न्हाई व्हय? बाजारात एवढं चांगलं मिळतंय, मग आपली आंबट झाडं ठेवायची कशाला?"

मला आधी हसू आलं. आणि मग अर्थ कळला.

"म्हणजे तू माझ्याकडं यायला फळं विकत आणलीस... म्हणून तुझी झाडं गेली?"

"व्हय."

"तीन वर्षं जपलेली."

"व्हय, एंजेला. वाईट वाटलं मला. अजून वाटतंय. फांद्या बांधावर टाकल्यात पन पेटवाव्या वाटत न्हाईत."

ढिगातल्या फांद्यांवर अजून पानं हिरवी होती. आम्ही दोघंही तिकडं बघत उभे राहिलो.

"मला स्टिकर सापडला होता," मी म्हटलं. "जूनमध्येच. मी मुद्दाम बोलले नाही."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "अन् मी महिनाभर उशिराचा बहर, उशिराचा बहर करत बसलो!"

"बरं वाटायचं ऐकायला."

"मग पुण्याचं इचारलं तवा...?" तो जवळ आला. "आज परत इचारतो. मी गेलो तर तुला काय वाटंल? ट्रेचं सांगू नको."

चिखलात उभं राहून, भर दिवसा, शेजारच्या शेतातली माणसं बघत असताना मी ते बोलले. "जाऊ नकोस. मला तू आवडतोस. बुधवार लागला की मी पुढच्या मंगळवारची वाट बघते. तू गेलास तर मला फार वाईट वाटेल, आणि ते मी कुणाला सांगूही शकणार नाही, कारण मी तुला कधी सांगितलंच नाही. तर आता सांगते. जाऊ नकोस, सॅमसन."

"रविवारीच फोन करून न्हाई म्हनालो मी नर्सरीवाल्यांना," तो म्हणाला.

"काय?"

"शनिवारी रातच्याला ट्रे घासताना ती टिकली बघितली. तुझ्या ट्रेवर आमची खूण. लई येळ बघितली. मग कसलं पुनं?"

"आणि तरी मंगळवारी आला नाहीस? दोन दिवस माझा जीव... सॅमसन, आधी सांगायचं ना!"

"आधी सांगितलं असतं तर तू एवढं बोलली असतीस?"

मी पायातली चप्पल काढायला वाकले. खरंच मारणार होते. त्यानं माझा हात धरला, चिखलानं भरलेल्या हातानं, आणि सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही.

"ऊस बघत बसायला जमणार नाही म्हणाला होतास," मी म्हटलं.

"एकट्याला न्हाई जमायचं, असं म्हनायचं हुतं."

तेवढ्यात घराकडून जाड आवाज आला. "कोन आलंय रं तिकडं?"

सॅमसननं माझ्याकडे बघितलं, मग घराकडे तोंड करून ओरडला, "बाजरीवाली आलीय, आण्णा!"

मग आण्णा म्हणाले, "मंग बांधावर काय उभी केलीस तिला? घरात घेऊन ये."

मी चप्पल पायात घातली, ओढणीला लागलेला चिखल झटकला, आणि त्याच्याबरोबर घराकडे निघाले.